बिनखाचेची कांडी

लसणाचा वास मला सहन होत नाही, असं मी गेली कित्येक वर्षं सगळ्यांना सांगत आले आहे. ते खोटं आहे. माहेरी मी लसणाच्या चटणीशिवाय भाकरी तोडत नसे आणि त्यावरून माझी टिंगलही भरपूर व्हायची. आता घरात लसणाची फोडणी पडली की मी उठून अंगणात जाते. सुनांना वाटतं, म्हातारीचं सोवळं वाढलं. वाटू दे. मला अक्षरं उशिरा आली, पण आली आहेत, तर निदान एवढं तरी खरं लिहून ठेवते.

मला दिलं ते गेवराईच्या एका लाकूड कातणाऱ्या कातारी घरात. तेव्हा तिथं निजामाची मोगलाई होती. कचेरीतला कागद उर्दूत आणि बाजारातलं भांडण मराठीत, असा कारभार. आमच्या घरात मागच्या पडवीत खराद होता. खराद म्हणजे काही मोठं यंत्र नव्हे. जमिनीत रोवलेले दोन ठोकळे, त्यांना समोरासमोर दोन लोखंडी टोकं, टोकांच्या मध्ये अडकवलेलं लाकूड, आणि त्या लाकडाला वेढे दिलेली चामड्याची वादी. वादीची दोन्ही टोकं एकानं आळीपाळीनं ओढायची, की लाकूड गरगर फिरतं, एकदा इकडे, एकदा तिकडे. दुसऱ्यानं समोर बसून पायाच्या अंगठ्याचा टेकू द्यायचा आणि पटाशी लावायची. पटाशी माझ्या मालकांची, म्हणजे नवऱ्याची, वादी माझी. लग्नाच्या पहिल्या वर्षी माझे दंड इतके दुखायचे की वेणी घालायला हात वर जात नसे. पुढे सवय झाली, आणि मग मला त्या कामाचा गर्वही झाला.

खरा गर्व मात्र रंगाचा. आमच्या घरात रंग हे बायकांचं काम होतं. लाख निखाऱ्यावर वितळवायची, तीत रंग मळायचा, आणि गरम असतानाच ओढून बोटाएवढ्या कांड्या करायच्या. लाकूड फिरत असताना कांडी टेकवली की घासण्यानंच लाख पाघळते आणि लाकडावर बसते. वरून तेलाचा बोळा आणि केवड्याचं वाळलं पान फिरवलं की अशी चकाकी येते की त्यात तोंड पाहावं. सासूबाईंचे डोळे धुरानं गेल्यासारखे झाले तेव्हा हे सगळं माझ्याकडे आलं. माझ्या हातचा तांबडा आणि माझ्या हातचा पिवळा आसपासच्या बाजारांत कुणाच्या दुकानात नव्हता, हे मी आजही सांगते. स्वतःची स्तुती स्वतःच करावी लागते, दुसरं कोण करणार?

पिवळे मात्र दोन होते. एक हळदीचा, मऊ, उन्हात वर्षा-दोन वर्षांत उडून जाणारा. दुसरा हरताळाचा. हरताळ अत्ताराच्या दुकानात पुडीत बांधून मिळायचा. तो पिवळा धमक, कधीच न उडणारा, आणि जहर. पलंगाचे खूर, झोपाळ्याच्या दांड्या, दिव्याच्या ठाणवया यांना हरताळ चालायचा. तोंडात जाईल किंवा अन्नाला लागेल अशा वस्तूला चालायचा नाही. कांड्या गार झाल्या की दोन्ही इतक्या सारख्या दिसत की मलाही ओळखू येत नसत. म्हणून सासऱ्यांनी एक रीत लावून दिली होती. हरताळाची कांडी ओढली, की ती गरम असतानाच तिच्या शेपटीला सुरीनं दोन खाचा पाडायच्या. त्यांची नजर मंद झाल्यावर ते बोटानं खाच चाचपून कांडी ओळखत. खाचा पाडायचं काम त्यांनी शेवटपर्यंत कुणाला दिलं नाही. मी कांड्या ओढायची आणि ते शेजारी सुरी घेऊन बसायचे.

हे घडलं त्या वर्षी वैशाखात सासरे गेले.

आता आमच्या जातीतली एक रीत सांगते, म्हणजे पुढचं कळेल. बाळाचं उष्टावण असतं तेव्हा मामानं पहिला घास भरवायचा, हे सगळीकडेच आहे. आमच्यात मामा त्या दिवशी गुटीची डबी आणतो. कुड्याच्या पांढऱ्या लाकडाची, मुठीत मावेल एवढी, एकाच तुकड्यातून झाकण आणि बूड काढलेली. तिच्यात वेखंड, जायफळ, मुरुडशेंग, हळकुंड असं बाळाच्या गुटीचं सामान राहतं. झाकणावर बोराएवढं गोल बोंड असतं, आणि ते मुद्दाम असतं. बाळाला दात येऊ लागले, हिरड्या शिवशिवू लागल्या, की ती डबीच त्याच्या हातात द्यायची. ते बोंड चघळत बसतं. आमच्या घरात जन्मलेल्या प्रत्येकानं जगात पहिला चावा लाकडाला घेतला आहे.

माझी एकच नणंद. वयानं माझ्याहून मोठी, बोलायला कमी, आणि तिच्या नजरेतून काही सुटत नसे. तिला तलवाड्याला दिलेलं. तिच्या सासरच्यांनी खराद केव्हाच मोडून शेती धरली होती, त्यामुळे त्या घरात लाखेतलं काही कळणारी ती एकटीच. तिची दोन लेकरं सटवाईच्या पूजेआधीच गेली होती. तिसऱ्या वेळी मुलगा झाला आणि जगला. सहा महिन्यांचा झाला, तो नेमका श्रावण लागताना. डबी आम्ही द्यायची होती.

त्याच दिवसांत इथल्या एका देशमुखाच्या मुलीच्या पलंगाचं काम आलं होतं. लग्न दिवाळीनंतर, पण खूर त्यांना आधी हवे होते, आणि पिवळे धमकच हवे होते. म्हणून एका सकाळी मी दोन्ही पिवळे एकाच शेगडीवर केले. आधी हळदीची कांडी ओढली, मग हरताळाची. सुरीकडे हात गेला, तेवढ्यात सासूबाईंनी पाणी आणायला हाक मारली. कांडी गार व्हायच्या आत येऊन पाडते खाचा, असं मनाशी म्हणत मी घागर उचलली. खाचा पाडणं हे माझं काम कधी नव्हतंच, त्यामुळे परत आल्यावर ते माझ्या डोक्यात आलंच नाही. फळीवर दोन पिवळ्या कांड्या शेजारी शेजारी पडून राहिल्या.

गुरुवारी दुपारी आम्ही डबी उतरवली. कुड्याचं लाकूड चांगलं मुरलेलं होतं आणि मालकांचा हात त्या दिवशी चांगला चालत होता. झाकण बुडावर असं बसलं की जोड दिसेना. उघडताना आतली हवा हलकेच सुटल्याचा आवाज आला, आणि मालक हसले. असा आवाज आला की डबी उत्तम उतरली, असं सासरे म्हणायचे. मग मालकांनी हात पुढे केला आणि मी फळीवरची पिवळी कांडी शेगडीवर जराशी शेकून त्यांच्या हातात दिली. शेकताना तिचा एक थेंब निखाऱ्यावर पडला.

लसणाचा वास आला.

आमच्या घरात चातुर्मास पाळत. कांदेनवमीपासून कांदा-लसूण घरात येत नसे. पण मागच्या भिंतीपलीकडे मणेराचं घर होतं, बांगड्यांचा धंदा करणाऱ्यांचं, आणि मणेरीण भाभी रोज दुपारी लसणाची अशी फोडणी द्यायची की चार महिने आमच्या तोंडाला पाणी सुटायचं. मी मालकांना म्हणाले, भाभीला आमची दया येत नाही बघा. ते हसले. मी वादी ओढत राहिले, डबी पिवळी होत गेली, आणि बोंडावर मालकांनी कांडी जरा जास्तच वेळ धरली, रंग चांगला जाड बसावा म्हणून.

शनिवारी मालक आणि सासूबाई डबी घेऊन तलवाड्याला गेले. मालक दुसऱ्या दिवशी परत आले, सासूबाई लेकीकडे राहिल्या. मालकांनी सांगितलं, पोरानं खीर थुंकली पण डबी काही सोडली नाही, हातातून काढली की भोकाड पसरायचं. मी खूष झाले. मला वाटलं, मामीचा रंग आवडला.

पुढच्या शुक्रवारी सकाळी भाभी भिंतीवरून डोकावली आणि माझ्या हातावर चार बत्तासे ठेवले. भाचीच्या लग्नाहून आणले होते, उमापूरचे. मी विचारलं, कधी गेला होतात? ती म्हणाली, मागच्या गुरुवारी पहाटे, गाडी अवचित मिळाली म्हणून सगळं घर कुलूप लावून निघालो, कुणाला सांगायलाही सवड झाली नाही, काल रात्री परतलो. त्यांचं दार पलीकडच्या गल्लीत, त्यामुळे कुलूप मी पाहिलेलं नव्हतं. आठ दिवस त्या घरात चूल पेटली नव्हती, आणि ते माझ्या लक्षात आलं नव्हतं.

हरताळ निखाऱ्यावर पडला की लसणासारखाच वास सुटतो, हे ठाऊक असूनही त्या दिवशी मी तो भाभीच्या फोडणीचा समजले होते. भाभीनं विचारलं, काय झालं? मी म्हटलं, काही नाही. मग मी पडवीत गेले. फळीवर एक पिवळी कांडी उरली होती, जिनं मधल्या दिवसांत आम्ही देशमुखाचे दोन खूर रंगवले होते. मी शेगडी फुंकली आणि त्या कांडीचं टोक निखाऱ्यावर धरलं. थेंब पडला, धूर आला. लाखेचा वास आणि जळक्या हळदीचा वास. दुसरं काही नाही. मी परत धरलं. पुन्हा हळद. त्या क्षणी तिला लसणाचा वास आला असता तर मी देवाला नारळ फोडला असता.

देशमुखाचा पलंग हळदीचा झाला होता. आणि हरताळ माझ्या नणंदेच्या पोराच्या तोंडात होता, सात दिवसांपासून.

मालकांना मी सगळं सांगितलं. ते उठून बाहेर गेले, आकाश बघून आले, आणि गाडी जोडण्याऐवजी त्यांनी कुड्याचा एक तुकडा काढून खरादावर चढवला. मी म्हटलं, हे काय करताय?

"मोकळ्या हातानं गेलो तर ती डबी काढून घेताना काय सांगायचं? चुकून जहर दिलं म्हणून?"

गावात कळलं तर कातारी म्हणून आमचं नाव संपलं, हे मलाही दिसत होतं. कुणी कचेरीत चुगली केली तर पोलिसांचा अमीन दारात येईल, हेही दिसत होतं. पण त्याहून जास्त मला दिसत होता तो माझ्या नणंदेचा चेहरा, आणि तिच्यासमोर हे शब्द उच्चारण्याची माझी छाती नव्हती. म्हणून मी बसले आणि वादी हातात घेतली.

त्या दोन-अडीच तासांबद्दल मी आजवर एकीशिवाय कुणापाशी बोलले नाही. पोर तिकडे चघळतंय हे माहीत असताना आम्ही इकडे तशीच डबी, त्याच मापाची, तसंच बोंड, तसाच पिवळा, अशी जुळवत बसलो होतो. एकदा झाकण ढिलं झालं म्हणून मालकांनी दुसरं काढलं. मी ओढत होते, रडत होते आणि ओढणं थांबवत नव्हते. केवड्याचं पानसुद्धा फिरवलं. खोटं बोलायचं तर ते चकाकलं पाहिजे ना!

निघालो तेव्हा दुपार कलली होती. काळ्या रानातली वाट, गाडीच्या चाकाला चिखल धरत होता आणि मालक उतरून काठीनं तो काढत होते. अर्ध्या वाटेवर ओढा लागला. कुठंतरी वर पाऊस झाला असावा, कारण आमच्या डोक्यावर थेंब नव्हता आणि ओढा तांबडा होऊन फुगला होता. काठावर दोन-चार गडी बसले होते. त्यांनी बैलांची दोरी धरली आणि गाडी पाण्यात घालू दिली नाही. एक जण म्हणाला, तासाभरापूर्वी आला असता तर गुडघाभर पाण्यातून गेला असता.

मालकांनी माझ्याकडे पाहिलं. मी पदरात बांधलेली नवी डबी चाचपली. तेवढा तास आम्ही तिला चकाकी देण्यात घातला होता. रात्र तिथल्या मारुतीच्या पारावर काढली आणि उजाडताना पाणी उतरल्यावर पलीकडे गेलो.

तलवाड्याच्या घराच्या दारात पाऊल टाकलं तर मिरच्या-मिठाचा ठसका बसला. दृष्ट काढलेली होती. सासूबाई धावत पुढे आल्या. पोराला चार दिवसांपासून ओकारी, जुलाब, अंगात त्राण नाही, वैद्याचा काढा पोटात ठरत नाही, हे सगळं त्यांनी एका दमात सांगितलं. मग म्हणाल्या, गुटीचं मात्र एक दिवसही चुकवलं नाही, दिवसातून दोनदा देतोय, आणि रडायला लागला की हातात डबी देतोय, तेवढ्यानंच काय तो गप्प राहतो. सासूबाईंनी हे कौतुकानं सांगितलं.

नणंद भिंतीला टेकून बसली होती. मांडीवर पोर. त्याचे डोळे खोल गेले होते, ओठ सुकले होते, आणि एका मुठीत डबी होती. मी पुढे वाकले. डबी बाजूंनी पिवळी धमक होती. बोंड मात्र पांढरं पडलं होतं. कुड्याचं कोरं लाकूड, वर दोन बारीक दातांचे वण. मालकांनी इतका जाड बसवलेला रंग सगळा आत गेला होता.

मी पोराच्या मुठीतून डबी सोडवली. त्याच्यात रडण्याचंही बळ नव्हतं. मी पदराच्या गाठीतून नवी काढली आणि वाटेत शंभर वेळा घोकलेलं वाक्य बोलले की त्या डबीचा रंग नीट बसला नव्हता, उडाला, म्हणून दुसरी करून आणली.

नणंदेनं नवी डबी घेतली. जुनीकडे पाहिलं, माझ्या हाताकडे पाहिलं, दारात उभ्या असलेल्या भावाकडे पाहिलं. तो चपला काढत होता आणि त्याच्या चपला काही केल्या निघत नव्हत्या.

"वैनी," ती म्हणाली, "बोंडाचा रंग परवा उडाला. तुमाला तिथं गेवराईत बसून कसं कळलं?"

सासूबाई म्हणाल्या, अगं मामीचं मन, कळतं. नणंद कातारी बापाची लेक होती. दोन पिवळे असतात हे तिला माझ्याआधीपासून माहीत होतं.

आता बोलायलाच हवं होतं आणि मी बोलले ते एवढंच, की काढा बंद करा, गुटी बंद करा, दूध आणि साजूक तूप, दुसरं काही पोटात घालू नका. हरताळ चाटलेल्याला सासरे हेच करायचे. नणंदेनं का म्हणून विचारलं नाही. उठली आणि तूप काढलं. तिच्या त्या न विचारण्यानं मला जे कळायचं ते कळलं. मी माझ्याच पायांकडे बघत राहिले.

पोर वाचलं. नऊ-दहा दिवस गेले, पण हळूहळू पोटात ठरू लागलं. गावभर सासूबाईंनी सांगितलं की नव्या डबीनं गुण आला, भाऊ-भावजय चिखल तुडवत आले म्हणून पोर उठलं. लोक माझं कौतुक करू लागले. मी ते ऐकून घेतलं. मला स्वतःची किळस येत होती.

जुनी डबी परत आणली. जाळता येईना, धुरात तोच वास निघाला असता. फेकता येईना, कुणाच्यातरी लेकराच्या हाती लागायची. शेवटी मालकांनी ती खरादाच्या ठोकळ्यामागे खोल पुरली. मी रोज वादी ओढायला बसायची ती त्याच जागेवर.

महालक्ष्म्यांना नणंद माहेरी आली. पोर आता अंगानं सुधारलं होतं, फक्त केस विरळ झाले होते. सासूबाई त्याचे हात हातात घेऊन बघत होत्या आणि म्हणाल्या, अगंबाई, ह्याच्या नखांवर बगळ्यानं फुलं दिली की! लहान पोरांच्या नखांवर पांढरे ठिपके येतात त्याला आमच्याकडे असं म्हणतात. मी पुढे होऊन पाहिलं. ते ठिपके नव्हते. दहाही नखांवर, आडवी, एकाच उंचीवर, दोरा ओढावा तशी एकेक पांढरी रेघ होती. सासऱ्यांच्या नखांवर मी तशी रेघ पाहिलेली होती. हरताळ खललेल्या वर्षी यायची, असं तेच सांगायचे. मी वर पाहिलं तर नणंद माझ्याकडेच बघत होती. तिनं हळूच पोराची मूठ मिटवली आणि वरून पदर घेतला.

पुढची तीन वर्षं ती प्रत्येक सणाला येत होती, हसून बोलत होती, मला पोलकं शिवून देत होती. पण पोराला तिनं माझ्या हातून कधी घास घेऊ दिला नाही. मी ताट वाढलं की ती आधी स्वतः खायची, मग त्याला भरवायची. मी त्याला कडेवर घेतलं की ती हातातलं काम टाकून जवळ येऊन उभी राहायची. कुणाला कळत नव्हतं. मला प्रत्येक वेळी कळत होतं. कधीतरी मला तिचा रागही यायचा, की एकदाच काय ते तोंडावर बोल आणि मोकळी हो.

चौथ्या वर्षी मला मुलगी झाली. तिच्या उष्टावणाला नणंद आली. माझ्या भावानं घास भरवला, आणि डबी तो आणणार तरी कुठून, त्याच्या घरी खराद नव्हता. मी मालकांना सांगून करून घेणार होते, पण हातच वळत नव्हते. तेवढ्यात नणंदेनं पिशवीतून एक फडकं काढलं, फडक्यातून डबी काढली आणि माझ्यासमोर धरली.

तीच डबी होती, आम्ही रडत रडत केलेली. तिनं ती पोराला एकदाही दिली नव्हती. इतकी वर्षं कोनाड्यात बांधून ठेवलेली, रंग जराही उतरलेला नाही, पिवळा जसाच्या तसा.

"तुमच्याच हातची हाय," ती म्हणाली. "द्या लेकीला."

मुलगी हात पुढे करत होती. मला माहीत होतं की ती हळदीची आहे. ती कांडी मी निखाऱ्यावर धरून पाहिली होती, दोनदा. पण इतकी वर्षं ती डबी तिच्या घरात होती. हळद एवढी टिकते का? कोनाड्याच्या अंधारात टिकते. की हिनं वरून दुसरा रंग चढवून घेतला? हिला लाखेतलं सगळं कळतं. हिचं पोर माझ्यामुळे मरता मरता राहिलं. हे सगळं माझ्या डोक्यातून गेलं, तिच्या डोळ्यांसमोर, आणि मला लपवताही आलं नाही.

मी उठले. शेगडी जवळ ओढली. सुरीनं बोंडाची एक खपली काढली आणि निखाऱ्यावर टाकली. धूर वर आला. मी वाकून हुंगला. लाख आणि जळकी हळद. मी परत हुंगला.

नणंद जागची हलली नव्हती. ती रागावलीही नव्हती. तिनं माझ्या मुलीला मांडीवर घेतलं, डबी तिच्या हातात दिली आणि मग माझ्याकडे पाहिलं.

"आता कळलं, वैनी? मी तीन वर्सं तुमचं वाढलेलं ताट असंच हुंगून खाल्लं."

मुलीनं बोंड तोंडात घातलं. मी तिच्या शेजारी बसले आणि नणंदेला सगळं सांगितलं, खाचांपासून, त्या दोन-अडीच तासांसकट. तिनं मान खाली घालून ऐकलं. ऐकून झाल्यावर तिनं एवढंच विचारलं, की त्या सकाळी खाचा पाडायला सुरी उचलून परत ठेवली होती, की उचललीच नव्हती. मी म्हटलं, हात गेला होता, उचलली नव्हती.